तुम्ही विचारलंत म्हणून : ‘कुंबलंगी नाइट्स’ मला का पुरला नाही

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता तो येणार हे आधीच कळतं. मल्याळम सिनेमांचा विषय निघतो, कुणीतरी ‘कुंबलंगी नाइट्स’चं नाव घेतं, सगळे भरभरून बोलायला लागतात आणि मी गप्प होते. मग कुणीतरी विचारतंच, “ताई, तुम्हाला नाही आवडला? तुम्ही तर खाडीकाठच्या. आणि तुम्हाला तीन भाऊ!” खाडी आणि भाऊ दोन्ही असल्यावर हा सिनेमा मनाला भिडायलाच हवा, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यात त्यांची चूक नाही. पाहायला बसताना मलाही तसंच वाटलं होतं.

बराच काळ मी “जरा संथ वाटला” एवढंच म्हणून विषय मिटवायचे. त्यावर संथ सिनेमा कसा पाहावा हे मला ऐकून घ्यावं लागायचं. संथपणाचं मला वावडं नाही. चंद्रकांत कुलकर्णींनी 1994 साली महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं सलग नऊ तासांच्या प्रयोगात उभी केली होती. ती मी पाहिली आहेत आणि मधल्या वेळात उठून घरी जावंसं एकदाही वाटलं नाही. तेव्हा आज नीट सांगते. ‘कुंबलंगी नाइट्स’ मला संथ वाटला नाही. तो मला घाईत वाटला. पहिला तासभर तो भावांच्या घरात वेळ जसा साचतो तसा साचू देतो, आणि ज्या जागी खरोखर थांबायला हवं तिथे पोचला की वाट बदलतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यापुरतं सांगते. कोचीजवळच्या कुंबलंगी या गावात चार भाऊ राहतात. सजी आणि बोनी हे आईवडिलांच्या आधीच्या लग्नांतले, बॉबी आणि फ्रँकी दोघांचे. वडील वारलेत, आई धर्मकार्यासाठी घर सोडून गेली आहे. घराला गिलावा नाही, दार नाही. गावातले लोक नकोशी झालेली कुत्री-मांजरं तिथे आणून सोडतात. धाकट्या फ्रँकीला आपल्या घराची इतकी लाज वाटते की मित्रांनी येऊ नये म्हणून तो घरात कांजिण्या असल्याची थाप मारतो. सजी आणि बॉबी एकमेकांच्या जिवावर उठलेले. पुढे बॉबीचं बेबी नावाच्या मुलीवर प्रेम बसतं आणि तिच्या बहिणीचा नवरा शम्मी त्यात आडवा येतो. मधू सी. नारायणन यांचं हे दिग्दर्शक म्हणून पहिलं काम, लेखन श्याम पुष्करन यांचं. फेब्रुवारी 2019 मध्ये आला, आणि केरळ सरकारचा लोकप्रिय व कलात्मक चित्रपटाचा पुरस्कारही त्याला मिळाला.

त्यात जे चांगलं आहे ते मी नाकारत नाही. छायालेखक शायजू खालिद यांनी रात्रीचं पाणी जसं टिपलंय तसं मी पडद्यावर क्वचितच पाहिलं. फहाद फासिलचा शम्मी न्हाणीघरातल्या आरशावर चिकटवलेली टिकली ब्लेडने खरवडून काढतो, तेव्हाच त्या माणसाचं घरातलं वागणं कसं असेल ते कळतं. त्या मोडक्या घराच्या ओट्यावर काही न करता पडून राहिलेले पुरुष, जेवणाची वेळ झाली तरी कुणी न उठणं, हे सगळं मी पाहिलेलं आहे आणि ते खरं आहे. वडिलांच्या स्मृतिदिनाला सजी आणि बॉबी मारामारी करतात तिथे तर मी सिनेमा थांबवला होता. उठून पाणी प्यायले, जरा वेळाने पुन्हा सुरू केला.

तिथे का थांबले ते सांगितल्याशिवाय माझं पुढचं बोलणं कुणाला पटणार नाही. आजवर सांगणं टाळलं, आता टाळत नाही.

आमचं घर सिंधुदुर्गात, खाडीला लागून. चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. दादा सगळ्यात मोठा, मग अण्णा, मग मी आणि शेवटी बाळा. दादा गावातच राहिला, माडाची बाग त्याने सांभाळली. अण्णा मुंबईला गेला. बाळाने कुडाळला दुकान टाकलं. मी लग्न होऊन ठाण्याला आले. बाबा 2016 मध्ये गेले. वारस नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आईचं, तिघा भावांचं आणि माझं अशी नावं चढली. तोवर कुणाच्या मनात काही नव्हतं. निदान मला तसंच वाटत होतं.

सिंधुदुर्ग हा 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर काही वर्षांतच खाडीकाठच्या जमिनीकडे बघायची लोकांची नजर बदलली. जिथे पूर्वी नारळ मोजले जायचे तिथे गुंठे मोजले जाऊ लागले. बाबा गेल्यावर बाहेरगावचा एक माणूस आमच्या बागेचा दर विचारून गेला, त्याला तिथे होमस्टे काढायचं होतं. तो अण्णाशी बोलला, दादाशी नाही.

वर्षश्राद्धाला आम्ही सगळे जमलो. सकाळी भटजी येऊन विधी आटोपून गेले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, सगळं बाबांच्या आवडीचं. दादाने वाडी, म्हणजे कावळ्याचं पान, नेऊन कुंपणापाशी ठेवली आणि कावळा लगेच आला. आई म्हणाली, “बघ, वाट बघूक लावक नाय.” सगळे हसलो. पडवीत केळीची पानं मांडली होती. वहिनी वडे वाढत होती आणि मी सांबाऱ्याचं भांडं घेऊन तिच्या मागून येत होते.

अण्णाने तेव्हाच विषय काढला. तेव्हाच का काढला, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. म्हणाला, सगळे आहोत तर आजच बोलून घेऊ, नंतर पुन्हा एकत्र कधी भेटणार. दादा पानावर बसलेला होता. त्याने मान वर केली नाही, फक्त म्हणाला, “तू मुंबयसून येतंस, दोन दिस ऱ्हवतंस नि जातंस. ह्या घरावरची कौला दर वर्षी कोण परतता?”

अण्णा म्हणाला, “परततंस म्हणून घर तुझ्या एकट्याचा झाला काय?”

मग दादाने मांडीखालून एक कागद काढला. तो जेवायला बसताना कागद घेऊन बसला होता, हे मला आजही सहन होत नाही. ते हक्कसोडपत्र होतं. माझं. मी माझा हिस्सा दादाच्या नावे सोडते असं त्यात लिहिलेलं होतं. माझं नाव, वय, पत्ता, सगळं टाईप करून तयार होतं. मला कुणी विचारलेलं नव्हतं. दादा अण्णाला म्हणाला, ताईची सही झाली की माझा वाटा दुप्पट, मग तुला काय विकायचं ते विक. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाला, “सही करायची नाहीस हां. केलीस तर बघ.” त्यालाही माझा वाटा माझ्यासाठी नको होता. दादाला मिळू नये एवढंच हवं होतं.

मी भांडं धरून उभी होते. गरम होतं, आणि खाली ठेवायला जागा नव्हती, कारण दोन्ही बाजूंना वाढलेली पानं होती. दादा उठला आणि त्याने अण्णाच्या शर्टाला हात घातला. अण्णा मागे सरकला तो पडवीच्या खांबावर जाऊन आपटला. बाळा मध्ये पडला, त्याला ढकलला गेला, खीर लवंडली. दादाचा चष्मा कोब्यावर पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. साठीला आलेली दोन माणसं एकमेकांना बापाच्या वर्षश्राद्धाला शिव्या देत होती, ज्या शिव्या आईच्याच नावाच्या असतात, आणि आई माजघराच्या उंबऱ्यावर बसून एवढंच म्हणत राहिली, “आधी जेवा रे. मगे काय ता बोला.”

कुणीच जेवलं नाही. बाळा तेवढा परत पानावर बसला आणि खाली मान घालून सगळं संपवलं. तो तेव्हा का जेवला हे मला खूप नंतर समजलं. आईने सांगितलं होतं म्हणून जेवला.

अण्णा संध्याकाळच्या गाडीने गेला. रात्री दादा मागच्या दाराने आला, मी भांडी घासत होते. म्हणाला, “तू सही केली असतंस तर ह्या झाला नसता.” आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून अण्णाचा फोन आला, तू दादाला आधीच ठणकावून नाही म्हणाली असतीस तर ही वेळ आली नसती. दोघंही चिडून बोलले नाहीत. दोघांनाही हे अगदी मनापासून वाटत होतं.

त्यानंतर दादा आणि अण्णा एकमेकांशी बोललेले नाहीत. मी सही केली नाही. आजही केलेली नाही, आणि ती न करण्याबद्दल मला कुणी काही सांगू नये.

हे मनात घेऊन मी 2020 च्या टाळेबंदीत तो सिनेमा पाहायला बसले. आता मला सांगा, भावांच्या सिनेमाकडून मी काय अपेक्षा करायला हवी होती? माझी अपेक्षा एकच होती. त्या मारामारीनंतर सजी आणि बॉबी एकाच घरात कसे राहतात ते मला पाहायचं होतं. भांडणानंतरचं घर. कोण आधी उठतं, चहा कोण करतं, दुसऱ्यासाठी कप ठेवतं की नाही, अंगणात समोरासमोर आले तर कोण बाजूला होतं. संथ सिनेमाला हेच तर जमायला हवं. पण तिथे सिनेमा काय करतो? सजी जीव द्यायला जातो, त्याला वाचवताना त्याचा मित्र मरतो. भावांमधलं जे काही होतं ते त्या मोठ्या मृत्यूखाली जातं. मित्राची गरोदर बायको घरात येते, बोनीबरोबर एक परदेशी मुलगी येते, बाळ जन्मतं, घर उजळतं. बॉबी मासे निवडण्याच्या कारखान्यात कामाला लागतो. लग्नाची बोलणी करायला सजी मोठा भाऊ म्हणून उभा राहतो. सगळं पाहायला छान आहे. पण सजी आणि बॉबी यांच्यात नेमकं काय बिघडलं होतं आणि ते कशाने जुळलं, याचं उत्तर मला मिळालं नाही. दोघांनी मिळून ते कधी उघडून पाहिलंच नाही.

शेवटी तर शम्मी आहे. तो बायकोला, मेहुणीला, सासूला बांधून घालतो आणि चौघे भाऊ मासे धरायचं जाळं टाकून त्याला पकडतात. थिएटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. माझा विचार वेगळा चालला होता. एक वाईट माणूस समोर उभा केला की चार भाऊ एका बाजूला येणारच. हे सोपं आहे. समोर कुणीच नसताना, फक्त भाऊच असताना काय होतं, ते अवघड आहे.

“पण संकट आलं की माणसं एक होतात, ते खोटं आहे का?” हेही मला विचारतात. यावर मी एक घडलेली गोष्ट सांगते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याने वर गेलं. तेव्हा अण्णा गावातच होता. मुंबईत कोरोनाच्या भीतीने तो आणि वहिनी घराच्या दुसऱ्या भागात येऊन राहिले होते, चूल वेगळी, येण्याजाण्याचं दार वेगळं. वादळाने आमचे माड पाडले, त्यातला एक थेट माजघरावर. आई त्या खोलीत नव्हती म्हणून वाचली. सकाळी पुतण्याने मला व्हिडिओ पाठवला. दादा आणि अण्णा दोघं मिळून तो माड हलवत होते. दोरखंड बांधलेला, एक या टोकाला, एक त्या टोकाला, बाळा कुडाळहून पोचायचा होता. दोघांचं पाऊल एकाच वेळी पडत होतं. लहानपणी होडी ओढताना पडायचं तसंच. मी ठाण्यात बसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला वाटलं, झालं. आता बोलतील.

नाही बोलले. माड तोडून झाला, दोघांनी मिळून ताडपत्री घातली, अण्णा कौलं देत होता आणि दादा वर चढून लावत होता. दिवसभर त्यांनी एकमेकांना एक शब्द उच्चारला नाही, असं वहिनीने मला रात्री फोनवर सांगितलं. काय हवं ते हाताने दाखवत होते. काम संपल्यावर दादा या दाराने आत गेला आणि अण्णा त्या दाराने.

हे मी कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. मला हे पाहायचं आहे. संकटाने माणसं एक झाली की नाही झाली, हे मला आजही सांगता येत नाही, आणि जो सिनेमा मला ते ठामपणे सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. यावर बोललं की लोकांना मी रसिक नाही असं वाटतं. तरी बोलते. कुंबलंगी हे पर्यटनासाठी विकसित केलेलं गाव आहे. सिनेमातही बेबीच्या घरी पाहुणे राहायला येतात, परदेशी बाई येते, त्यावर त्यांचं घर चालतं. आणि पाण्याच्या कडेला असलेली ही चार भावांची जागा? ती सगळ्यात गलिच्छ मानली जाते हे मान्य. पण ती नावावर कोणाच्या आहे? वेगवेगळ्या आईबापांचे चार भाऊ, आणि त्यांच्यात हा प्रश्न एकदाही उठत नाही. कुणी बाहेरचा येऊन दर विचारत नाही. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त बाप गेल्यावर मुलगा सुधीर मुंबईहून येतो तेव्हा दहाव्या-तेराव्याच्या खर्चापासून सगळं निघतं, अंगणात ट्रॅक्टर गंजत असतो, दागिन्यांचा विषय होतो, आणि प्रेमसुद्धा त्या हिशोबातूनच दिसतं. तिथे शम्मीसारखा कुणी लागत नाही. कुंबलंगीतल्या भावांना गरीब ठेवल्यामुळे त्यांचं भांडण स्वच्छ राहिलं. माझ्या भावांना ती सोय नव्हती.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. त्या चौघांना बहीण नाही.

बायका नाहीत म्हणून घराची रया गेलेली, बायका आल्या की घर पुन्हा घर होतं. पुरुषी अहंकाराची चिरफाड करणारा म्हणून ज्या सिनेमाचं इतकं कौतुक झालं, त्यातही ही मांडणी तशीच राहिली, याकडे माझ्या ओळखीतल्या कुणाचं लक्ष गेलं नाही. मित्राची विधवा बायको, जिचा नवरा या घरामुळे गेला, ती येते आणि त्याच घराला आधार देते. तिचा राग कुठे गेला? तो तिच्याकडे असणार. पण सिनेमाला तो सांभाळायला वेळ नाही, कारण भावांना बरं व्हायचं आहे. भावांचं भांडण मिटवण्याची किंमत कोण देतं हे मला माहीत आहे, कारण ती किंमत माझ्या नावाने टाईप करून जेवणाच्या पानावर मांडीखालून काढली गेली होती.

केरळमध्ये ही गोष्ट अनोळखी आहे असंही नाही. कोट्टायमच्या मेरी रॉय वडिलांच्या मालमत्तेसाठी आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध लढल्या, आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्रावणकोरचा 1916 चा जुना कायदा आता चालणार नाही, सिरियन ख्रिस्ती मुलीलाही समान वाटा आहे. आपल्याकडे महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचं स्थान दिलं, केंद्राने 2005 मध्ये. कायदा झाला आणि त्याबरोबर हक्कसोडपत्राचा छापील मसुदाही घरोघर गेला. सही करणारी बहीण चांगली, न करणारी माहेर तोडणारी. मला दादाने माहेर तोडलंस असं कधी म्हटलं नाही. तो अजूनही म्हणतो, “तुझा घर आसा, येत ऱ्हव.” पण पूर्वी मी निघताना तो नारळ सोलून पिशवीत भरून द्यायचा. आता वहिनी देते.

यावर लोक म्हणतात, ताई, तुम्ही सिनेमा पाहिलाच नाहीत, तुम्ही तुमचं घर पाहिलंत. खरं आहे. पण हा सिनेमा आवडलेले लोक काय पाहतात? त्यांना त्यांचं घर जसं असावंसं वाटतं ते पाहतात. त्यांच्या पाहण्याला रसिकता म्हणायचं आणि माझ्या पाहण्याला जखम, हा भेद मला मान्य नाही.

आणि तरीही. इथे मला माझ्याशीच वाद घालावा लागतो, कारण 2016 च्या आधीची मी हा सिनेमा पाहून रडले असते. तिला खात्री होती की भाऊ भाऊच असतात, वेळ दिला की सगळं आपोआप जागेवर येतं. ती मला विचारते, चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी आठव, दादाने अण्णाच्या फीसाठी स्वतःचं शिक्षण सोडलं होतं, अण्णाने पहिल्या पगारात दादाला घड्याळ आणलं होतं, ते खोटं होतं का? खोटं नव्हतं. मग पडवीतलं खरं की ते खरं? मला तिला उत्तर देता येत नाही. मी एवढंच म्हणते की ज्या सिनेमाने दोन्ही खरं आहे असं दाखवलं असतं तो मला पुरला असता. ती म्हणते, ‘तसा सिनेमा तू सहन केला नसतास, स्मृतिदिनाच्या मारामारीलाच उठून पाणी प्यायला गेली होतीस.’ तिचंही काही चुकत नाही.

दोन प्रसंग मी मनातून काढू शकलेली नाही, तेही सांगायला हवेत, नाहीतर हे सगळं अर्धवट होईल. एक, मुलं आईला घरी बोलवायला जातात आणि ती यायला तयार होत नाही. पुष्कळांना ती आई क्रूर वाटते. मला तो सिनेमातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. उंबऱ्यावर बसून “आधी जेवा रे” म्हणणारी माझी आई उठून निघून गेली असती तर बरं झालं असतं का, असा विचार मी त्या रात्री केला. आई आता नाही. ती शेवटपर्यंत त्या दोन दारांच्या मधल्या माजघरात राहिली आणि दोन्हीकडचं जेवण थोडं थोडं जेवली.

दुसरा प्रसंग सजीचा. मित्र गेल्यावर तो स्वतःच म्हणतो की मला डॉक्टरकडे न्या, आणि समुपदेशकासमोर बसल्यावर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतो. सौबिन शाहिरने ते काम असं केलंय की त्यावर टीका करायला माझी जीभ वळत नाही. तो प्रसंग मी तोंडावर पदर धरून पाहिला. दादाला असं रडताना मी पाहिलेलं नाही. बाबांच्या वेळी नाही, आईच्या वेळीही नाही. त्याने मला सही करायला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात जे होतं ते लोभ होता असं मी इतकी वर्षं धरून चालले. सजीला पाहिल्यावर वाटलं, ती भीतीही असेल. सगळं आयुष्य एका बागेत घालवलेल्या माणसाला ती हातातून जाण्याची भीती. पण भीती होती म्हणून माझा कागद परस्पर टाईप करून घ्यायचा का? पुन्हा मी तिथेच येते.

गणपतीत आम्ही अजूनही सगळे जातो. गणपती एकच आहे, तो दोघांपैकी कुणी वेगळा केला नाही. आरतीला दादा झांजा वाजवतो आणि अण्णा त्याच्या शेजारी उभा राहून म्हणतो, दोघांचा सूरही एकच लागतो. आरती संपली की बोलणं नाही. पुतणे आता मोठे झालेत, ते एकमेकांच्या खोल्यांत जातात, सिनेमे पाहतात. त्यांच्यातल्याच एकाने मागच्या वर्षी मला विचारलं, “आत्या, तुला ‘कुंबलंगी’ का नाय आवडलो?” त्याला मी संथ होता असं सांगितलं नाही. त्याला मी विचारलं, तुला त्यातला कोण व्हावंसं वाटतं? तो म्हणाला, फ्रँकी. धाकटा. ज्याला सगळं दिसतं आणि ज्याचं कुणी ऐकत नाही.

मग मला कुठला शेवट हवा होता, असं आता विचाराल. शम्मीला जाळ्यात पकडल्यानंतरची, पाचव्या-सहाव्या महिन्यातली एखादी सकाळ मला हवी होती. घरात आता बायका आहेत, मूल आहे, खर्च वाढलाय. बोनीला त्याच्या मैत्रिणीबरोबर वेगळं राहायचंय. पंचायतीचा माणूस घरपट्टीची पावती घेऊन आलाय आणि विचारतोय, नाव कोणाचं लावू? सजी बॉबीकडे बघतो. बॉबी सजीकडे. तिथून पुढे दोन तास तो सिनेमा कितीही हळू चालला असता तरी मी उठले नसते.